उघाडी

चार पाहुणे. बेलापूरच्या हॉटेलातून साडेआठला उचलायचे,
दिवसभर शहर दाखवायचं, रात्री परत सोडायचं.
ट्रिपच्या कागदावर देशाचं नाव होतं लाओस.
पुतण्याने मोबाइलवर नकाशा काढून दिला:
चहूकडून शेजाऱ्यांच्या हद्दी,
निळा रंग कुठेच नाही.

सोमफोन त्यांतला तरणा. पुण्यात चार वर्षं शिकलेला,
हिंदी बरी, मराठी एका शब्दाची: चालेल.
टोलनाक्याला चालेल, कोकम सरबताला चालेल,
एसी बंद पडला तेव्हाही.
बुनमी साहेब पुढे, माझ्या शेजारी,
मांडीवर प्लास्टिकचा डबा, डब्यात चिकट भात.
चिमटीने गोळी वळून खायचे, सांडत नव्हते काही.

मागे आपल्या ऑफिसचे साहेब त्यांना समजावत होते:
आधी रस्ते टाका, गटारं टाका, मग माणसं आपोआप येतात.
पाहुणे लिहून घेत.
मग त्यांचे आकडे निघाले.
नदीवर इतकी धरणं, इतके मेगावॅट,
वीज शेजाऱ्याला विकायची,
आलेल्यातून रेल्वेच्या कर्जाचा हप्ता,
हप्ता गेल्यावर शाळेच्या पत्र्यांचं बघू.
सोमफोन हे हसत हसत सांगत होता,
आपण घरातलं सांगताना हसतो तसं.

उलव्याच्या पुलावर साहेब म्हणाले,
आणि हे आमचं साडेबारा टक्क्यांचं मॉडेल,
जमीन घेतली तर विकसित भूखंड परत.
चारी पेनं एकदम चालली.
मी आरशात बघितलं.
अहो, ते मॉडेल गाडी चालवतंय.
भूखंड तीन भावांत, भावांचे पुन्हा सात,
माझ्या वाट्याचं विकून ही इनोव्हा,
तिचे अजून एकोणीस हप्ते.
बोललो नाही. भाडं त्यांच्याच ऑफिसातून यायचं होतं.

विमानतळाच्या कुंपणापाशी बुनमी साहेबांनी थांबवायला सांगितलं.
उतरून बराच वेळ उभे. मग सोमफोनकरवी विचारलं,
इथे आधी काय होतं?
साहेब म्हणाले, काही नाही, दलदल.
मी म्हटलं, भात.
राता भात, खाऱ्या मातीतला, लाल दाण्याचा.
बांधाला उघाडी होती, फळ्यांची,
ओहोटीला उचलायची, भरतीला पाडायची.
माझा बापूस ती बघायचा.
रात्री घड्याळ लागत नसे त्याला,
झोपेतच कूस बदलायचा आणि म्हणायचा, फिरलं पाणी.

सोमफोनने हे सगळं त्यांना सांगितलं, हात वरखाली करून.
म्हातारा हसला. पहिल्यांदाच.
मंत्रालयात बसायच्या आधी बावीस वर्षं
तो धरणाच्या दरवाजांवर होता.
आमच्याकडे आधी भोंगा वाजतो, म्हणाला,
मग पाणी सोडतात.
काठावर बायांचे भाजीचे वाफे असतात.
भोंग्यापासून पाण्यापर्यंत जेवढा वेळ मिळतो
त्यात वांगी काढायची की कांदे,
ज्याचं त्याने ठरवायचं.
मग तो माझ्याकडे बघून काहीतरी बोलला,
सोमफोनने ते सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.
साहेब घड्याळ बघत होते,
बंदराची वेळ तीनची होती.

रात्री उतरताना म्हाताऱ्याने नोट दिली, वीस हजारांची.
माझा हात थरथरला हो, खोटं कशाला बोलू.
पुतण्याने मोबाइलवर हिशेब केला:
ऐंशी रुपये, तेही जेमतेम.
आम्ही दोघं हसलो. मग मी नाही हसलो.
नोट सातबाऱ्याच्या जुन्या उताऱ्यात घालून ठेवली,
तिथेही आकडे आहेत, गुंठ्यांचे,
तेही आता कुठल्या दुकानात चालत नाहीत.

महिन्याने सोमफोनचा मेसेज, हिंदीत:
इकडे पाणी फार वाढलंय,
आज रात्री दरवाजे उघडतायत.
मी गाडी बाजूला घेतली, लिहिलं,
खालच्या गावांना कळवलंय ना?

बऱ्याच वेळाने उत्तर आलं.
चालेल.