चवीचे गुण

मंगळवारी अकराला
मी नाल्डवाइकच्या प्रयोगशाळेत जाते, सायकलवरून,
सकाळची कॉफी न पिता. तशी अट आहे.
अत्तर नको, पेपरमिंट नको, सर्दी असेल तर फोन करायचा.
जिभेला हाड नसतं म्हणतात.
माझ्या जिभेला तासाचे साडेबारा युरो असतात.

खोलीत लाल दिवा,
म्हणजे डोळ्यांनी आधीच चाखून घेऊ नये.
भिंतीतली झडप वर सरकते,
एक हात बशी ठेवून जातो: तीन आकडे, एक फोड.
गोड किती, आंबट किती,
साल दाताखाली किती वेळ रेंगाळली,
गर पिठूळ की रसाळ.
शून्य ते शंभर, पडद्यावरच्या रेघेवर बोट सरकवायचं.
मग पाण्याचा घोट, कोरड्या टोस्टचा तुकडा,
पुन्हा झडप.

७१२ चांगला होता. खोटं कशाला बोलू?
लेंडर्टच्या काचघरातल्यापेक्षा गोड.
आमच्या टोमॅटोंना लोक पाण्याचे फुगे म्हणायचे
आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.
आम्ही किलोवर जगत होतो.
टोमॅटो पाणी पिऊन जड व्हायचा,
हॅम्बुर्गपर्यंत ट्रकमध्ये मुकाट बसायचा.
चव कुणी विचारलीच नाही,
आणि विचारली त्या वर्षी
लेंडर्ट बँकेत सही करून आला होता.

आता तिथे सत्तावीस हेक्टर काच.
मुळं मातीत नाहीत, दगडी लोकरीच्या विटांत.
थेंब मोजून पडतो,
उरला तर परत जातो, धुऊन निघतो, पुन्हा पडतो.
पांढऱ्या माशीवर तिला खाणारे किडे सोडतात,
पुठ्ठ्याच्या खोक्यातून भुंगे कामावर येतात.
लेंडर्ट फवारणी करून आला की
मी त्याला दारातच कपडे उतरवायला लावायचे.
म्हणून मी या काचेला शिव्या देत नाही.
डिसेंबरात रात्री ढग पोटाकडून जांभळे होतात,
पाहुणे विचारतात, कुठे आग लागलीय का?
नाही, तिथे जून चालू आहे.

शेजारची बोझेना तिथे तोडणीला असते.
तिच्या मनगटावरचं यंत्र सांगतं
कुठली रांग, किती मिनिटं, काल किती झाली.
पुढच्या वर्षी पानं काढायला रोबो येणार.
त्याची पाठ दुखत नाही, ती म्हणते.
खुशीत म्हणते की कशी,
ते तिच्या मोडक्या डचमधून मला कळत नाही.
घरी पाठवायचे पैसे ती बोटांवर मोजते,
आणि बोटं मध्येच थांबतात.

गेल्या मंगळवारी सिब्रेन स्वतः बाहेर आला,
तो बशीवाला हात. पहिल्यांदाच चेहरा पाहिला.
म्हणाला, अकरा वर्षांचे तुमचे गुण
संगणकाला शिकवलेत.
आता टोमॅटोतून प्रकाश सोडला की तो सांगतो
आलैदाबाई काय म्हणाल्या असत्या.
अधूनमधून बोलावू, म्हणाला,
तो विसरत नाही ना, एवढं बघायला.

म्हणजे माझी जीभ आता तिथे आहे,
सर्दी न होणारी.

जानेवारीत दुकानात डबी दिसली,
वर छापलेलं: गोड, कुरकुरीत, मुलांना आवडणारा.
बहुतेक मीच म्हटलं असेन तसं.
घरी आणली. पांढऱ्या दिव्याखाली, कॉफी पिऊन,
आधी देठ हुंगला.

हा वास फळात नसतोच, देठात असतो.
लेंडर्टच्या बोटांना तो हिरवा-काळा चिकटायचा,
साबणाने जायचा नाही,
उशीच्या अभ्र्यावर डाग राहायचे.
त्यांच्या पडद्यावर यासाठी रेघ नव्हती,
आणि मलाही अकरा वर्षांत
ती मागायचं सुचलं नाही.

मग टोमॅटो खाल्ला. अख्खा, सालीसकट.
टेबलाच्या कडेवर बोट टेकवलं,
हळूहळू सरकवत नेलं.
कुठे थांबलं,
ते मी कुणालाही सांगणार नाही.