हेंडरसन, मुक्काम तोंडार

बाजाराच्या दिवशी शेख जिलानी गाठोडं फोडायचे
आणि आधी वास यायचा:
डांबरगोळ्या, बोटीतली ओल,
आणि पार तळाशी
कुणाच्या तरी घरातला साबण
जो उदगीरच्या एकाही दुकानात मिळत नव्हता.

मी सातवीत. इंग्रजी वाचता येतं म्हणून कामाला.
शर्टामागे चार आणे.
"पढ, मास्टर. घाण काही लिहिलं असंल तर बाजूला काढ.
लोक देवळात घालून जातेत, मशिदीत घालून जातेत."
मी छात्या वाचायचो.
एकीवर मासे धरणाऱ्यांचा क्लब.
एकीवर कुठल्याशा बँकेची धावण्याची शर्यत.
एकीवर 'जगातली सगळ्यात चांगली आजी'.
तो शर्ट खाणीवरच्या शिवाप्पानं नेला,
दगड फोडताना घालायला. अगदी मापात बसला.
मी त्याला काही सांगितलं नाही.

खिसे मात्र जिलानी स्वतः बघायचे,
डोळे मिटून, नुसत्या बोटांनी.
एक नाणं. तिकिटाचा तुकडा. गोळीचा चिकट कागद.
एकदा बाईच्या कोटात चिठ्ठी निघाली.
मी वाचली: दूध, पाव, मेणबत्त्या, आईला फोन.
"मेणबत्त्या? तिकडंबी लाईट जाते व्हय?"
मग बराच वेळ गिऱ्हाइकाकडं लक्षच नाही.
"केला असंल का रे फोन?"

आम्हाला त्यांच्या बगलेतले घामाचे डाग माहीत होते,
उसवलेल्या बाह्या, कमरेचा घेर,
कोण डावखुरा होता हेसुद्धा, बटणाच्या झिजेवरून.
त्यांना आम्ही माहीत नव्हतो.

त्या वर्षी दिवाळीच्या आसपास
एकाच गाठोड्यात नऊ शर्ट निघाले, सगळे पोपटी,
पाठीवर एक झाड आणि झाडाखाली
'हेंडरसन फॅमिली रियुनियन'.
"म्हणजे?"
डिक्शनरी घरी होती. मी अंदाजानं म्हणलं,
"घरची माणसं परत भेटतात, ते."
"मग लांब कामून गेली होती?"
मला काय माहीत.
"आन् भेटली, तर नऊच्या नऊ शर्ट टाकून कामून दिले?"
जिलानी शर्ट मांडीवर घेऊन बसले.
"भांडले असतील. वाटणीवरून.
एकानं इहीर मागितली असंल."
मी म्हणलं, चाचा, तिकडं कसली इहीर, कसला बांध.
"बांध समदीकडं आसतो, मास्टर."

तोंडारच्या कबड्डीवाल्यांनी सगळे उचलले.
सात खेळणारे, दोन राखीव,
घासाघीस करून नव्वद रुपयांत अख्खं खानदान.
शाळेतले मुळजे गुरुजी चिडले:
गोऱ्यांची उतरन घालून मातीत खेळता, लाज वाटत नाही?
व्यंकट भाताम्ब्रे पायाला माती चोळत होता.
"गुरुजी, तुमची प्यांट कुण्या ऋषीनं शोधली?"
गुरुजी धोतर घेऊन येतील असं वाटलं होतं.
आले नाहीत. पुढच्या सामन्याला मात्र
पहिल्या रांगेत बसून ओरडत होते,
"धर रे, हेंडरसन! टांग धर त्याची!"

देवणीत जिंकले, औराद्यात जिंकले,
निलंग्यात मार खाल्ला, पण नाव झालं.
पोपटी रंग धुऊन धुऊन राखेसारखा झाला,
झाड गेलं, अक्षरं गेली,
नाव तेवढं अंगाला चिकटून राहिलं.
व्यंकटच्या म्हातारीला गल्लीत विचारायचे,
हेंडरसन हाय का घरी?
ती म्हणायची, रानात गेलाय, येईल दिवसबुडी.

आता गाठोडी येत नाहीत.
नवे शर्ट तिरुपूरहून येतात, त्यांच्यावरही इंग्रजीच,
पण ते कुणी कुणाच्या अंगावरून उतरवलेलं नसतं,
त्याला वास नसतो, वाचायला मास्टर लागत नाही.

परवा व्यंकटनं मला लातूरला नेलं,
मंडळाची रीतसर नोंदणी करायला.
फॉर्म इंग्रजीत, म्हणून मी.
कारकुनानं चष्मा वर केला:
हेंडरसन क्रीडा मंडळ, तोंडार.
हे हेंडरसन कोण? देणगीदार?

मी तोंड उघडणार तेवढ्यात व्यंकट बोलला,
"नाही साहेब. आमच्यातलेच.
भांडून येगळे झालेले."