विध्यर्थ

ऐरोलीला सातव्या मजल्यावर
संध्याकाळी साडेसहाला फ्रँकफर्टची फाइल उघडते.
शुल्डशाइन.
चार कोटी युरो, सात वर्षं, सही, शिक्का.
मला ते इंग्रजीत न्यायचं असतं, पगार त्याचा मिळतो.
मराठी मी फुकटात करते, मनातल्या मनात.

शाइन म्हणजे कागद, चिठ्ठी.
त्याआधी उजेड.
आणि मधे कुठेतरी नुसतं दिसणं, असल्यासारखं.
शुल्ड म्हणजे कर्ज.
शुल्ड म्हणजे अपराधसुद्धा.
सावकार आणि न्यायाधीश एकाच शब्दावर भागवतात.
वाशीच्या क्लासात केळशीकर बाई म्हणाल्या होत्या,
अजून मागे जा, पार 'पाहिजे'पर्यंत.
करायला पाहिजे, द्यायला पाहिजे.
आपला विध्यर्थच गं,
क्रियापदाच्या शेवटाला लोंबणारा 'वं'.
द्यावं. फेडावं.

दिवाळ्याची बुधीबाई आठवते.
तिच्या जोमाने होडीच्या इंजिनासाठी
बाबांकडून अकरा हजार नेलेले.
लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर मजकूर,
एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट, त्यावर अंगठा.
जोमा गेला.
बाबा कागद विसरले,
म्हणजे विसरल्यासारखं दाखवत राहिले.

चौथ्या वर्षी ती आली.
टोपलीत वर सुके बोंबील, खाली रुमालात नोटा.
"मानूस गेला, पन कागूद हाय ना तुमच्याकडं?"
बाबांनी मोजले नाहीत.
तिनेच मोजले, मोठ्याने, दोनदा.
मग कागद मागून घेतला
आणि दारात उन्हासमोर धरला.
वाचता येत नव्हतं तिला.
अंगठा बघत होती.
जोमाच्या रेषांमधून ऊन येत होतं.
"फाडायचा असतो तो," बाबा म्हणाले.
"नाय," म्हणाली,
आणि घडी घालून चोळीत ठेवला.

शाइन ती घेऊन गेली.
शुल्ड आमच्याकडे राहिलं.
कितीतरी दिवस बाबा त्या नोटा
घरखर्चात मिसळू देत नव्हते,
आणि जेवताना बोंबलाला हात लावत नव्हते.

सव्वानऊ. रांगेत अजून चौदा फायली.
आमच्या शब्दसूचीत मराठीचा रकाना नाही,
असता तरी काय भरलं असतं?

तो रुमाल आईने धुऊन ठेवलाय कपाटात,
निळ्या काठाचा,
कधीतरी दिवाळ्याला जाऊन परत द्यावा म्हणून.
द्यावा.
नऊ वर्षं झाली.