लॉट त्रेसष्ट

माझं काम धरण्याचं.
पांढरे हातमोजे, काळी पॅन्ट, तोंड बंद.
सालढाणाबाईंनी नंबर पुकारला की पडद्यामागून यायचं,
चित्र छातीसमोर धरायचं
आणि आपण नाहीच असं उभं राहायचं.
बॅलार्ड इस्टेटच्या या दुसऱ्या मजल्यावर
अकरा वर्षं मी असा नसतो.

आज लॉट त्रेसष्ट.
अमेरिकेतली मुलगी. तैलरंग, फळीवर.
अठराशे छत्तीसच्या आसपास. चित्रकार अज्ञात.
गावोगाव फिरणारा कुणी, बाई म्हणाल्या,
कल्हईवाल्यासारखा दारोदार येणारा,
आज दुकानाची पाटी, उद्या बग्गीचं चाक,
परवा कुणाचं मूल.
दोन डॉलर आणि रात्रीचं जेवण.
सावलीचे पैसे वेगळे.

या मुलीच्या बापानं सावली घेतली नाही.
म्हणून ती अशी, पत्त्यांतल्या राणीसारखी सपाट,
कपाळ भलतंच मोठं, एक डोळा जरा वर,
आणि झगा इतका लाल
की तो रंगवताना तरी माणूस सुखात असणार.
हात मात्र त्याला येत नव्हते.
बोटं सगळी एका लांबीची,
जुडीतल्या शेवग्याच्या शेंगा.
एका पायात बूट.
दुसरा हातात.

हातात बूट म्हणजे बहुतेक मूल गेलेलं,
बाईंनी हे सांगितलं तेव्हा मी डबा खात होतो.
गेल्यावरच बोलावलं असेल त्याला.
मिटलेले डोळे त्यानं मनानेच उघडले असतील,
म्हणून तो एक वर.
भाजी कशाची होती आठवत नाही.

गोवालिया टँकला भाठेनांच्या घरी
चार पिढ्या टांगलेली होती ही.
बर्फाच्या जहाजातून आली म्हणत.
तेव्हा बॉस्टनहून बर्फ यायचा इथे,
लाकडाच्या भुशात गाडलेला,
त्यातला किती तरी समुद्रच पिऊन टाकायचा.
कुणा कप्तानानं देणं फेडलं पोरीवर.
कागद नाही. म्हणून कॅटलॉगात ‘आली असावी’.
आमचा धंदा या असण्यावरच चालतो.
‘आहे’ लिहिलं की वकील लागतो.

चार लाखांपासून सुरू.
साडेचार. पाच, फोनवर.
हॉल तिच्याकडे बघतो, म्हणजे माझ्याकडे,
म्हणजे चौकटीच्या कडांवर आलेल्या
माझ्या आठ बोटांकडे.
हसू नका, पण मला वाटून गेलं,
या अख्ख्या चित्रात
धड जमलेले हात तेवढे माझे.
साडेपाच.
पुढच्या रांगेतले मोतीवाले शेठ
पॅडल मांडीखाली सरकवून चहा मागवतात.
एकवार.
खांदे भरून आलेत. चार वर्षांचं मूल
इतका वेळ कोण घेतं.
दोनवार.
हातोडा हवेत, मग टेबलावर, हलकाच.
पास.
राखीव किमतीला पन्नास हजार कमी पडले.

मालाच्या लिफ्टमध्ये तिला उलटी केली.
मागे खडूने आमचा नंबर,
त्याखाली भाठेनांच्या कुणा मेहताजीची गुजराती,
अगदी तळाला फिकट शाईचं इंग्रजी:
वय चार वर्षं, दोन महिने, नऊ दिवस.
नावही आहे. कॅटलॉगात घेतलं नाही,
दोघांनी दोन तऱ्हांनी वाचलं म्हणून.
दिवस मात्र कुणाचेच चुकले नाहीत.

गोदामात भिंतीकडे तोंड करून ठेवायचा नियम आहे.
ठेवली.
चौकटीच्या कोपऱ्यातून चिमूटभर भुसा
हातमोज्यावर गळाला.
किडीचा असावा.
रजिस्टरात तसंच लिहिलं.

मग तो हातमोजा सांभाळून काढला,
उलटा करून खिशात ठेवला.
वर सत्तर पुकारत होते, चांदीची अत्तरदाणी.
मी एकाच हातात मोजा घालून
जिना चढलो.