घरं मोजताना

सकाळी सहाला नावं पुकारतात,
आडनाव आधी, स्पॅनिशमध्ये.
कधी कधी माझा आवाजच ‘हजर’ म्हणून टाकतो
आणि मी मागून पोचते
चप्पल शोधत.

कुस्कोच्या वरच्या अंगाला आहे हे ठिकाण.
बादलीतल्या पाण्यावर पहाटे बर्फाची साय धरते.
पुरुषांच्या तुरुंगाबाहेर रविवारी बायकांची रांग लागते म्हणे,
उकडलेले बटाटे, कडेवर पोरं.
आमच्या फाटकाबाहेर एक कुत्रं असतं.
कुणाचं, ठाऊक नाही. येतं मात्र नेमानं.

पिशवीत काय आहे मला माहीत नव्हतं,
असं मी कोर्टात सांगितलं.
माहीत होतं.
छपराला पत्रे हवे होते.

एल्मेर इथेच जन्मला.
मूल आईपाशी तीन वर्षं, असा कायदा.
तिसऱ्या वाढदिवसाला केक होता, मेणबत्ती नव्हती,
काडेपेटीला मनाई.
नणंद आली न्यायला. म्हणाली, चल घरी.
तो वळला आणि कोठडीकडे चालू लागला.
मग तिनं त्याला उचललं.
शेवटच्या दाराशी खाली ठेवलं तर
दोन्ही हात वर करून उभा राहिला,
झडती घेतील म्हणून.

त्यानंतर सात महिने पाळी नाही.
दूध मात्र येत राहिलं अकरा दिवस,
बिनपत्त्याचं.

दर दुसऱ्या मंगळवारी बाई येतात कागद घेऊन.
झोप लागते का? कधीच नाही, कधी कधी, बऱ्याचदा.
जगावंसं वाटतं का? चौकटीत फुली.
सातुर्निनाला लिहिता येत नाही, स्पॅनिशही तोडकं,
मी तिला केचुआतून विचारते.
ती म्हणते, काळीज दुखतं.
मी तसंच सांगते.
बाई लिहितात : छातीत दुखणे.
तिला दवाखान्यात नेलं, छातीला तारा लावल्या,
आलेख चांगला आला.
आता तिचं काही दुखत नाही, असं कागद म्हणतो.

गोळी सगळ्यांना एकच, पिवळी.
जीभ उचलून दाखवायची.
ती घेतली की रात्र सपाट, भिंतीसारखी,
एल्मेर स्वप्नातसुद्धा येत नाही.
म्हणून मी ती गालात दाबून ठेवते.
मग तो येतो, आणि मी दिवसभर कुणाशी बोलत नाही.
दोन्हींतलं काय बरं, कागदावर विचारलेलं नाही.

दुपारी विणकाम. संध्याकाळी सुया मोजून परत.
एकदा एक कमी भरली,
आणि कार्मेला नऊ दिवस दिसली नाही.
तेव्हापासून सुया प्लास्टिकच्या, बोथट,
लोकर अडते त्यांच्यावर.

मी बाही विणते.
फोनवर नणंदेला म्हटलं, खांद्यापासून मनगटापर्यंत मोज.
ती म्हणाली, अगं खूप वाढलाय.
खूप म्हणजे किती बोटं?
तेवढ्यात पैसे संपले.

बाही आता माझ्या हाताहून लांब झालीय.
अठ्ठेचाळीस घरं सुईवर.
मोजताना एखादं सुटतं,
खालच्या खालच्या ओळीत घसरत जातं,
आणि मी नुसती बघत बसते, किती वेळ कोण जाणे.
सातुर्निना काही न बोलता
विणकाम माझ्या हातातून घेते,
नखानं ते घर वर आणते, ओळीओळीनं,
आणि परत देते.

बाईंनी विचारलं, कुणाची ही एवढी बाही?
म्हटलं, अजून वाढतोय तो.
त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

थंडी फार असली की रात्री
सातुर्निना ती गळ्याभोवती गुंडाळते, दोन वेढे.
मी काही म्हणत नाही.
सहाच्या आधी मागून घेते.