स्मरणिकेसाठी एक पान

यतीन, तू म्हणालास, भाई, एकच पान द्या,
इतिहास आणि कामगिरी, सोमवारी छपाईला जातंय.
जाहिराती मिळाल्यात: दोन बार, एक टाइल्सवाला,
पंचायतीचा शुभेच्छांचा चौकोन.

कपाट उघडलं. एकतीस स्कोअरबुकं.
तीन वाळवीची. एक सुकूरच्या आईनं
चुकून चुलीत घातलेलं,
त्यातच तिच्या मुलाचं एकुलतं शतक होतं.

स्थापना: सन बहात्तर,
मेरशीच्या खाजनात, भात कापून झाल्यावर.
घटना नाही, ठराव नाही.
इनास पोदेराकडे काथ्याची मॅट आली,
मुरगावच्या धक्क्यावरून, कशी ते विचारायचं नाही,
आणि मॅट आहे तर टीम हवी, एवढंच ठरलं.
पावसाळाभर ती भट्टीच्या माथ्यावर असायची.
नोव्हेंबरात अंथरली की खेळपट्टीला उंड्यांचा वास,
पाहुण्या बॅट्समनला पहिल्याच ओव्हरला भूक.

गाव सगळं फुटबॉलचं. आमच्या वाट्याला उरलेले:
गुडघा गेलेले, चष्मेवाले,
गुणाजी फळदेसाई, तलाठी, जो पळत नसे,
आणि कायतान, जो आठचं मिस ऐकल्याशिवाय
चेंडूला हात लावत नसे,
म्हणून आमचं नाणं साडेनऊला उडायचं.
चार ओपनिंग बॉलर तारवावर गेले.
एकानं रॉटरडॅमहून पत्र टाकलं: माझी शेवटची ओव्हर
पाच चेंडूंची होती, तपासून कळव.
तपासलं. पाचचीच होती.

खेळ थांबल्याची कारणं, माझ्याच अक्षरात:
म्हैस. नोव्हेना. परत म्हैस.
चेंडू मानशीत. सुकूर चेंडूमागे मानशीत.
आणि अमावास्येला, पुनवेला, समासात एकच शब्द: भरती.
मानशीची दारं कुजलेली.
दुपार कलली की फाइन लेगकडून पाणी यायचं,
घाई न करता,
तिकीट नसलेल्या प्रेक्षकासारखं,
आणि बाउंड्रीच्या आत बसकण मारायचं.

कामगिरी. हां.
एक कप. सत्त्याऐंशी, राज्य झालं त्याच महिन्यात.
समोर रायबंदर. शेवटची जोडी, शेवटचा चेंडू,
दोन हव्यात, आणि पाणी पॉइंटच्या पोटऱ्यांना.
गुणाजी त्या दिवशी पळाला. हे ठळक छाप.
चेंडू पाण्यात पडला, बुडाला नाही, तरंगला,
तिघे वाकले, तिघांच्या हातून निसटला,
कुणीतरी थ्रो केला तो चेंडू की शिंपला,
अंपायरच्या डोळ्यांत ऊन,
आणि माझ्या पानावर उडालेलं पाणी:
मघाची पेन्सिलची रेघ पसरून
एक की दोन, ते फक्त शिसं सांगेल.
बाहेर तोवर ढोल सुरू झाला होता.

मी दोन लिहिले.

एकाच बाकावर बसलेला रुझार,
रायबंदरचा स्कोअरर. त्याची वही कोरडी.
त्यानं माझं पान पाहिलं,
चिखलात पालथा पडून धापा टाकणारा गुणाजी पाहिला,
आणि खिशातून खोडरबर काढला.

पुढे वीस वर्षं त्याच बाकावर बसलो.
अर्धा भजीपाव त्याचा, अर्धा माझा.
त्यानं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.
गेल्या वर्षी रायबंदरला त्याची माती झाली,
मी मागच्या रांगेत होतो, टोपी हातात.

आता खाजनात बायपासचे खांब.
मॅट इनासच्या नातवानं कोंबड्यांखाली अंथरली.
कप तुझ्या ऑफिसात आहे, त्यात पेनं आहेत, पाहिलीत मी.

तर असं लिही: विजेते, एकदा.
आणि पानाचा समास
जरा रुंद ठेव.