शेऱ्याचा रकाना

स्मार्ट मीटर बसवायला आलेला पोरगा
व्हरांड्यात शिडीवरून म्हणाला,
‘काकासाब, अब कोई नहीं आएगा रीडिंग लेने.’
मी म्हटलं, बेटा, जो येत असे तो मीच.
त्यानं ऐकलं नाही. कानात काहीतरी वाजत होतं.

चौतीस वर्षं. रामबाग, नारायणबाग, मल्हारगंज,
जुनी इंदूरचे चिंचोळे बोळ,
सायकल, टॉर्च, काखेत रजिस्टर,
आणि कुत्री, ज्यांना मंडळाचा खाकी रंग बरोबर कळायचा.
चकतीवरचा काळा ठिपका किती वेगानं फिरतो
त्यावरून मी सांगायचो
आत इस्त्री चालू आहे की नुसता पंखा.
कुठे बाळ आलं, कुठे रात्रपाळी लागली,
कोणाच्या म्हाताऱ्याची खोली आता अंधारी असते,
आकड्यांतून समजे. मी बोलत नसे.
चकती अडवायला कोणी फिल्मची पट्टी सरकवली, तेही समजे.
तेव्हा मात्र बोलत असे.

आता मीटर स्वतःच स्वतःला वाचतो,
लाल डोळा मिचकावत,
आणि वाचलेलं कुठल्याशा सर्व्हरला जाऊन सांगतो.
पोरग्यानं माझ्या फोनमध्ये ॲप टाकून दिलं.
पासवर्ड म्हणून मी जुना बिल्ला क्रमांक ठेवला.
ॲप म्हणालं, कमकुवत आहे.
असेल.

पहिले दोन महिने मी त्याची चोरी पकडायला टपलो होतो.
सकाळी सहाला स्टुलावर, भिंग, वही, पेन.
‘पडाल हो,’ खाली सुनीती,
एक हात स्टुलाला, एक स्वतःच्या गुडघ्यावर.
आकडा जुळे. दशांशापर्यंत जुळे.
मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मग एकदा बोट चुकून कुठेतरी पडलं
आणि दिवसाचे तुकडे उघडले, अर्ध्या अर्ध्या तासाचे,
निळे खांब, ठेंगणे, उंच,
कोणी आमचं घर उभं चिरून ठेवल्यासारखे.
हा गिझर. ही मोटर. हा चटणीचा मिक्सर.
आणि हे काय?
पहाटे तीन. एक खांब.
फ्रिजचा नव्हे; फ्रिजची चाल मी ओळखतो.
काल तीन. परवा तीन.
मागच्या महिन्यात सतरा रात्री.

पाचशे वॅट, दहाएक मिनिटं.
घरातली एकेक वस्तू आठवत गेलो,
पूर्वी आकडा टाकलेली तार हुडकायचो तसा.

त्या रात्री जागा राहिलो.
तीनला पलंग हलका झाला.
स्वयंपाकघरात ट्यूब न लावता
फोनच्या उजेडात ती ओट्याला टेकून उभी,
शेकायची पिशवी प्लगला लावून
तिचा छोटा दिवा विझायची वाट बघत.
फोनमध्ये टॉर्च कुठे असतो
हे तिला कोणी शिकवलं? मी तर नाही.

विचारलं की म्हणते, ‘मला काय धाड भरलीय.’
आणि मी तेच टिपून घेत आलो.
घर बंद असलं की आम्ही सरासरी लावत असू:
शेऱ्यात दोन शब्द, मागच्या महिन्यांचा अंदाज, पुढचं दार.
चालून जायचं. तक्रार आली तरच परत फेरी.
तिनं तक्रार केली नाही.

दुसऱ्या दिवशी अलार्म लावला, पावणेतीनचा.
नुसता कंप, आवाज बंद.
सेटिंगमध्ये हे मीच शोधलं, तासभर लागला.
पिशवी गरम करून तिच्या बाजूला ठेवली.
ती जागी होती का, माहीत नाही.
गुडघा सरकला, पिशवीकडे.

सकाळी ॲपमध्ये खांब होता तेवढाच,
फक्त एक घर डावीकडे.
सर्व्हरला त्यातलं काय कळणार.
वही काढली. तारीख. आकडा.
शेऱ्याच्या रकान्यावर पेन
बराच वेळ तसंच राहिलं.
व्हरांड्यातून हाक आली,
‘आज चढायचं नाही का? मी केव्हाची स्टूल धरून उभी आहे.’